जिनिंगच्या काट्याचं सॉफ्टवेअर: भाषा निवडताना सुरक्षितता किती आणि सिंटॅक्स किती?

काटा_ओके (हिंगणघाट)

कापसाच्या जिनिंगच्या (सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यासाठी सॉफ्टवेअर नव्यानं लिहायचं आहे. भरलेली गाडी काट्यावर येते, इंडिकेटरचं (वजन दाखवणाऱ्या यंत्राचं) वजन आरएस-२३२ केबलनं, म्हणजे सीरियल पोर्टमधून, संगणकात येतं. गाडी खाली झाली की रिकामं वजन, मग निव्वळ वजन, ओलाव्याची कपात, भाव, काटापट्टी आणि शेवटी चुकाऱ्याचा (शेतकऱ्याला द्यायच्या पैशांचा) हिशेब. डेटाबेस एसक्यूलाइट. यंत्रं जुनी आहेत, ४ जीबी रॅमची, आणि दोन जागी अजून विंडोज ७ आहे. हंगामात लाइट कधीही जाते. पुढे देखभाल करणारी मुलं जवळच्या कॉलेजातून बीसीए करून आलेली असतील, हे धरून चला.

रचना ऑब्जेक्ट ओरिएंटेड ठेवायची हे ठरलं आहे: गाडी, तोल, पट्टी, चुकारा असे क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारे साचे). भाषेवर मात्र एकमत नाही. एक बाजू म्हणते पायथन, कारण ओळी कमी आणि नवा माणूस लवकर रुळतो. दुसरी बाजू म्हणते जावा, कोटलिन किंवा सी शार्प, कारण कंपायलर (कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) चुका पकडतो. सी++ चंही नाव निघालं, कारण जुना कोड त्यात आहे. सुरक्षिततेसाठी जास्तीच्या ओळी कुठपर्यंत सोसायच्या, याला काही माप आहे का?

शून्यसूचक (वर्धा)

भाषेपासून सुरुवात करू नका, चुकांपासून करा. या कामात काय काय चुकू शकतं ते कागदावर मांडा आणि प्रत्येक चुकीपुढे लिहा की ती अमुक भाषेत कधी उघडी पडते. उत्तरं तीनच असतात, त्यांचे तीन रकाने करा. कंपायलर अडवतो, किंवा चालता प्रोग्राम ओरडून थांबतो, किंवा कोणी काही न बोलता चुकीचा आकडा पट्टीवर छापला जातो. तिसऱ्या रकान्यात ज्या भाषेच्या कमी चुका पडतील ती या कामाला सुरक्षित. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये ती कितवी आहे याला अर्थ नाही.

एक उदाहरण पुरेसं आहे. अपूर्णांकाची भानगड नको म्हणून भाव पैशांत, पूर्णांकात ठेवला. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे ७,५२,१०० पैसे. वजन किलोत. गुणायचं आणि १०० नं भागायचं. २,३४० किलोला १,७५,९९१.४० रुपये येतात, हिशेब बरोबर. आता ३,००० किलोची ट्रॉली आली. गुणाकार होतो २,२५,६३,००,००० आणि ३२ बिटी इंटिजरची (पूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकाराची) वरची हद्द आहे २,१४,७४,८३,६४७. जावा आणि कोटलिन काही न बोलता आकडा उलटवतात, सी शार्पही मूळ सेटिंगमध्ये तेच करते. पट्टीवर येतं उणे २,०३,८६६.७२ रुपये. २,८५५ किलोपर्यंत सगळं ठीक, २,८५६ पासून बिघाड. टेस्ट छोट्या वजनांवर केली असेल तर सापडणारच नाही.

हीच चूक स्विफ्टमध्ये प्रोग्राम जागीच थांबवते, अॅडात एक्सेप्शन (चालत्या प्रोग्रामनं दिलेली चुकीची सूचना) येते, रस्टमध्ये डीबग (चाचणीचा) बिल्ड थांबतो पण रिलीज (वापराचा) बिल्ड मूळ सेटिंगमध्ये उलटवतो. सी++ मध्ये तर अशा वेळी काय व्हावं हे ठरलेलंच नाही, कंपायलर वाट्टेल ते गृहीत धरू शकतो. आणि पायथनमध्ये पूर्णांकाला हद्दच नाही, त्यामुळे उत्तर बरोबर येतं. या एका चुकीपुरता पायथन जावाहून सुरक्षित निघतो. म्हणून "सुरक्षित भाषा" असा एकच शिक्का मारू नका.

जावात उपाय आहे: लाँग (६४ बिटी पूर्णांक) वापरा आणि गुणाकाराच्या चिन्हाऐवजी मॅथ क्लासची मल्टिप्लायएक्झॅक्ट मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन (जावा ८ पासून आहे), जी हद्द ओलांडली की एक्सेप्शन देते. सी शार्पमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ओव्हरफ्लो तपासणी चालू करता येते, मग साधं गुणाकाराचं चिन्हच तपासून चालतं. सिंटॅक्सचा (कोड लिहायच्या पद्धतीचा) प्रश्न इथेच येतो. बरोबर गोष्ट जिथे लांब आणि चुकीची गोष्ट आखूड लिहावी लागते, तिथे सहा महिन्यांनी कोणीतरी आखूडच लिहितो.

बोंडअळी (आर्वी)

म्हणजे शेतकऱ्यानं कापूसही द्यायचा आणि वरून दोन लाखही. वा!

वऱ्हाडी_पायथन (दर्यापूर)

शून्यसूचक भाऊ, शेवटचं वाक्य लाख मोलाचं हाय, पण ते अजून ताणा. सिंटॅक्सले निस्तं नटणं समजू नका. चूक सापडते ती माणसानं कोड वाचल्यावर, अन् वाचाले सोपं असलं तरच माणूस वाचते.

जावाचं बिगडेसिमल (अचूक दशांशाचा क्लास) घ्या. पैशासाठी डबल (दशांशाचा अंदाजी प्रकार) वापरू नये हे साऱ्यायले माहीत हाय, ०.१ अन् ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. मंग बिगडेसिमल आलं. तिथं बेरजेचं चिन्ह चालत नाई, ॲड मेथड बोलवा लागते. ते ऑब्जेक्ट बदलत नाई, नवीन देते. म्हणून "एकूण.ॲड(हमाली)" असं लिहून उत्तर कुठंच ठेवलं नाई तं हमाली हवेत जाते, अन् कंपायलर मुकाट कंपाइल करते. दुसरं: इक्वल्सनं तुलना केली तं २.० अन् २.०० वेगळे, कंपेअरटूनं केली तं सारखे. तिसरं: बिगडेसिमल तयार करताना ०.१ हा डबल दिला तं ती सारी शेपूट आत येते, अवतरणात स्ट्रिंग म्हणून दिला तंच खरा ०.१ भेटते. एका हिशेबात तीन खड्डे, अन् टाइपच्या (किमतीच्या प्रकाराच्या) भाषेत सारं बरोबर.

पायथनच्या डेसिमलमध्ये नेहमीची चिन्हं चालतात, अन् डेसिमल अन् फ्लोट (पायथनचा अंदाजी दशांश) गुणाले गेलात तं चालतानाच टाइपएरर देऊन थांबते. सी शार्पचा डेसिमल तं भाषेतच बसवलेला हाय, आकड्याच्या मांगं एम लावला की झालं, अन् डबलसंग मिसळला तं कंपाइलच होत नाई. आता सांगा, सिंटॅक्स सुरक्षिततेच्या आड आला का तिचं काम केलं?

अर्धविराम (यवतमाळ)

पैशाच्या बाबतीत मान्य. पण पायथनची दुसरी बाजूही सांगा ना.

क्लासमध्ये "रिकामे_वजन" नावाचं फील्ड (माहिती ठेवायची जागा) आहे आणि कोणी दुसऱ्या फाइलीत "रिकाम_वजन" ला किंमत दिली, तर पायथन त्या ऑब्जेक्टवर नवं फील्ड उघडून मोकळा होतो. खरं फील्ड जुन्याच किमतीवर राहतं, निव्वळ वजन चुकतं आणि एररही नाही. हा सरळ तिसऱ्या रकान्यातला प्रकार. यावर उपाय म्हणजे डेटाक्लास वापरा आणि स्लॉट्स (ठरलेल्याच फील्डची यादी) चालू करा, मग अनोळखी फील्डला किंमत देताच एरर येते. पण ती सोय पायथन ३.१० पासून आहे आणि विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचा पायथन चालत नाही. ३.८ ची अधिकृत देखभाल ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. तिथे स्लॉट्सची यादी हातानं लिहावी लागेल, जी सोय जुनी आहे.

टाइप हिंट्स (किमतीचा प्रकार सांगणाऱ्या टिपा) २०१५ मध्ये पायथन ३.५ बरोबर आल्या, पण चालताना त्यांना कोणी विचारत नाही. किलोच्या जागी स्ट्रिंग आली तरी फंक्शन ती घेतं. मायपाय (या हिंट्स तपासणारं साधन) स्ट्रिक्ट मोडवर रोज चालवणार असाल तरच हिंट्सना सुरक्षितता म्हणा, नाहीतर त्या शोभेच्या टिपा.

आणि पायथनची सर्वात गोड सोय इथे सर्वात घातक आहे. "इफ ओलावा:" एवढंच लिहिलं तर ओलावा मोजलाच नाही आणि ओलावा शून्य आला, दोन्ही एकाच फांदीत जातात.

काटा_ओके (हिंगणघाट)

ताई, ओलाव्याचा मुद्दा नीट समजून घ्यायचा आहे. आमच्याकडे नियम असा धरला आहे: ८ टक्क्यांपर्यंत कपात नाही, ८ ते १२ मध्ये जेवढा जास्त तेवढी कपात, १२ च्या वर माल परत. मीटर बंद असेल तर ग्रेडर नंतर आकडा भरतो. तोवर ते फील्ड रिकामं.

अर्धविराम (यवतमाळ)

हे फील्ड म्हणजे भाषा निवडण्याची परीक्षाच आहे. ते प्रत्येक भाषेत कसं दिसेल ते पाहा.

जावात डबल प्रकारचं फील्ड भरलं नाही तर त्यात आपोआप ०.० असतं. म्हणजे "मोजला नाही" चा अर्थ "एकदम कोरडा कापूस", कपात शून्य, पट्टी छापली. नलपॉइंटर एक्सेप्शनही (रिकाम्या किमतीबद्दलची सूचना) नाही. मोठ्या डी चा डबल वापरला तर फील्ड नल (किंमतच नाही असं) राहतं आणि हिशेब करताना प्रोग्राम पडतो. पडलेला बरा, पण गाडीवाल्यासमोर पडतो.

टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत नल रेफरन्स आणला आणि २००९ मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कोटलिननं ती बरीच बुजवली. टाइपच्या मागे प्रश्नचिन्ह लावल्याशिवाय नल ठेवताच येत नाही आणि प्रश्नचिन्ह असेल तर तपासल्याशिवाय गणितात वापरता येत नाही. कंपायलर सरळ नकार देतो. इथवर उत्तम. आता घाईतला माणूस "ओलावा ?: ०.०" असं लिहितो. चार अक्षरांत कंपायलर शांत, आणि आपण पुन्हा जावाच्या ०.० वर! भाषेनं धोका दाखवला होता, सिंटॅक्सनं तो झाकायची सोय दिली. दोन उद्गारचिन्हांच्या खुणेबद्दल ("हे नल नाही" असं कंपायलरला बळजबरीनं पटवणारी) सगळे ओरडतात, पण ती निदान चालताना पडते. शून्य भरणारी ही खूण मुकाट्यानं कपात खाते, म्हणून कोड तपासताना आधी हीच शोधावी.

बरोबर मांडणी म्हणजे ओलावा हा आकडा न ठेवता वेगळा टाइप करणं: मोजला (टक्के सोबत), मोजायचा बाकी, मीटर बंद. कोटलिनमध्ये सील्ड क्लास (ज्याच्या शाखा आधीच ठरलेल्या) आणि व्हेन (प्रत्येक शाखेची फांदी), जावात सील्ड इंटरफेस (जावा १७) आणि पॅटर्न स्विच (जावा २१). एखादी शक्यता सुटली तर दोन्हीकडे कंपाइल होत नाही. चौथी अवस्था वाढवली की जिथे जिथे हिशेब आहे ती प्रत्येक जागा कंपायलर स्वतः दाखवतो. सी शार्पमध्ये स्विच एक्स्प्रेशनवर फक्त वॉर्निंग मिळते, आणि क्लासच्या शाखा बंद करता येत नसल्यानं तो "बाकी सगळं" अशी फांदी मागतो. ती फांदी लिहिली की नव्या अवस्थेची वॉर्निंगही जाते. त्या फांदीत एक्सेप्शन फेकायची, किंमत परत करायची नाही.

गठाण_१७० (अकोट)

सी शार्पवर अन्याय नको, पण अटी नीट वाचा. नल तपासणारी सोय सी शार्प ८ मध्ये २०१९ ला आली आणि ती डॉटनेट (सी शार्प चालवणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) कोअर ३ पासून पुढे अधिकृत आहे. विंडोज १० मध्ये आयतं मिळतं ते जुनं डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. त्यावर प्रोजेक्ट उघडला तर भाषा ७.३ वरच राहते आणि ही सोय नाही. "सी शार्प घेतली" म्हणून खूश व्हायचं आणि नलची सुरक्षितता मात्र नाहीच, असं होऊ शकतं.

डॉटनेट ८ घेतलात तर प्रोजेक्ट फाइलीत तीन गोष्टी पहिल्याच दिवशी चालू करा: नलेबल, वॉर्निंगला एरर मानणे, आणि ओव्हरफ्लो तपासणी. तिसऱ्या महिन्यात चालू केल्या तर शेकडो वॉर्निंग एकदम येतात आणि लोक त्या उद्गारचिन्ह लावून गप्प करतात. नलेबलची तपासणी फक्त कंपायलरची आहे, चालताना पहारा नाही. डेटाबेसमधून किंवा जेसनमधून (डेटा पाठवायच्या मजकुरातून) आलेला नल नॉन-नल फील्डमध्ये बिनधास्त जाऊन बसतो. कोटलिनलाही तेच: जावा लायब्ररीतून आलेल्या किमतीला तो नल असेल की नसेल ते ठामपणे सांगत नाही, तुमच्यावर सोडतो. तुमच्याकडे सीरियल पोर्ट आणि डेटाबेस ही दोन दारं. त्या दोन्ही ठिकाणी हातानं तपासा, आतल्या कोडमध्ये मग भरवसा ठेवता येतो.

आणि डॉटनेट ८ विंडोज ७ वर चालत नाही. ती दोन यंत्रं बदला, भाषेच्या वादापेक्षा ते स्वस्त पडेल.

संत्रा_सर्व्हर (वरूड)

सगळे नलमध्येच अडकलात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हटलं की इनहेरिटन्सच्या (एका क्लासनं दुसऱ्याचा वारसा घेण्याच्या) चुका वेगळ्या असतात आणि त्यात भाषांमध्ये खूप फरक आहे.

जावात मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून (वस्तू बनताना चालणाऱ्या कोडमधून) एखादी मेथड बोलावली आणि पोटक्लासनं ती ओव्हरराइड केलेली (तिच्या जागी आपली लिहिलेली) असेल, तर पोटक्लासची मेथड आधी चालते आणि त्याची फील्ड्स नंतर भरतात. "तोल" च्या कन्स्ट्रक्टरमध्ये पट्टीचं शीर्षक बनवणारी मेथड, "कापूसतोल" मध्ये ती जात वापरते, आणि जात तेव्हा नल. कोटलिनमध्येही हेच होतं, ज्या फील्डला प्रश्नचिन्ह नाही तेसुद्धा त्या क्षणी नल दिसतं. आयडीई (कोड लिहायचं साधन) पिवळी रेघ मारते, कंपायलर अडवत नाही. सी++ मध्ये उलट: तिथे मूळ क्लासचीच मेथड चालते, मुकाट्यानं. पायथनमध्ये पोटक्लासच्या इनिटमधून (पायथनचा कन्स्ट्रक्टर) सुपरची, म्हणजे मूळ क्लासची, इनिट बोलवायची राहिली तर फील्डच जन्माला येत नाही, आणि एरर येते ती कुठेतरी दूर, पट्टी छापताना.

कोटलिनमध्ये क्लास मुळात बंद असतो, ओपन लिहिल्याशिवाय वारसा घेता येत नाही, आणि ओव्हरराइड शब्द सक्तीचा. जावात सगळं मुळात उघडं आणि ओव्हरराइडची खूण ऐच्छिक. त्यामुळे इक्वल्स मेथडला ऑब्जेक्टऐवजी "गाडी" हा पॅरामीटर दिला की ओव्हरराइड होतच नाही, शेजारी दुसरी मेथड तयार होते आणि हॅशसेटमध्ये (एक वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संचात) एकच गाडी दोनदा बसते. ही खूण रोज लावली असती तर कंपायलरनं पकडलं असतं. सी++ मध्ये ओव्हरराइड शब्द २०११ च्या मानकात आला, तोही ऐच्छिक.

सी++ मधला स्लाइसिंगचा प्रकार जुन्या कोडमध्ये मुद्दाम तपासा. "तोल" च्या व्हेक्टरमध्ये (यादीत) "कापूसतोल" टाकला की त्याचा कापसाचा भाग छाटला जातो, ओलावा वगैरे गायब. कंपाइल होतं, चालतंही.

वऱ्हाडी_पायथन (दर्यापूर)

जावाचा एक राह्यला. टोकन नंबर मोठ्या आय च्या इंटिजरमध्ये ठेवला अन् == नं तुलना केली. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा साठवून ठेवते, म्हणून सकाळच्या गाड्या बरोबर जुळतात. टोकन १२८ पासून तेच दोन आकडे "वेगळे". दुपारनंतरच बिघडणारं सॉफ्टवेअर! कोटलिनमध्ये == म्हणजे किमतीचीच तुलना, वस्तू तीच का हे पाहाले तीन बरोबरची चिन्हं. हा सिंटॅक्सचा निर्णय हाय भाऊ, टाइपचा नाई.

बोंडअळी (आर्वी)

मग सगळ्यात सुरक्षित भाषा घ्या ना. अॅडा. विमानात चालते ती काट्यावर नाही चालणार?

शून्यसूचक (वर्धा)

अॅडात वजनाचा टाइप ० ते ६०,००० असा लिहिता येतो आणि बाहेरचा आकडा आला की एक्सेप्शन. फार चांगली सोय. पण ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट उडाल्यावर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं, तेही सॉफ्टवेअर अॅडातच होतं. ६४ बिटी फ्लोट १६ बिटी पूर्णांकात बसवताना मावला नाही, एक्सेप्शन आली, आणि त्या रूपांतराला मुद्दामच संरक्षण दिलेलं नव्हतं, कारण एरियन ४ च्या उड्डाणात तो आकडा तेवढा मोठा होऊच शकत नव्हता. भाषेनं तिचं काम केलं. एक्सेप्शन आल्यावर काय करायचं हे माणसानं ठरवायचं असतं.

काट्यावर हा निर्णय साधा आहे: एक्सेप्शन आली की पट्टी छापायची नाही, पडद्यावर मराठीत कारण, कच्चा आकडा लॉगमध्ये, आणि हातानं पट्टी लिहायची वही शेजारी. अॅडा येणारी मुलं हंगामात मिळणार नाहीत, एवढ्यावर तो पर्याय संपतो.

सी++ बद्दल एकच. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांत दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांच्या असतात. तुमच्या सीरियल पोर्टवरून येणारी ओळ ठराविक लांबीच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) घेणारा जुना कोड तसाच उचलू नका. चालू ठेवायचाच असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून एकदा दिवसभर चालवा.

अर्धविराम (यवतमाळ)

किलो आणि क्विंटलचं कोणीच बोललं नाही. भाव क्विंटलचा, वजन किलोचं. १०० नं भागायचं राहिलं तर चुकारा शंभरपट, तो निदान दिसतो. पण दोनदा भागलं आणि हमाली वेगळ्या एककात असेल तर दिसत नाही. दोन्ही आकडे दशांशच असल्यानं कोणतीही टाइप-सुरक्षित भाषा गप्प बसते.

किलो आणि क्विंटल असे दोन छोटे टाइप करा. कोटलिनमध्ये व्हॅल्यू क्लास, जावात रेकॉर्ड, सी शार्प १० पासून रीडओन्ली रेकॉर्ड स्ट्रक्ट. एकेक ओळीचं काम. भाव गुणिले वजन ही क्रिया फक्त क्विंटलवरच लिहा, म्हणजे किलो देताच कंपाइल होणार नाही. सी शार्प आणि कोटलिनमध्ये त्यासाठी गुणाकाराचं चिन्हच वापरता येतं, जावात मेथड लिहावी लागते. पायथनमध्ये न्यूटाइप आहे, पण ते फक्त मायपायला दिसतं.

गठाण_१७० (अकोट)

आणि राउंडिंग. सी शार्पचं मॅथ.राउंड आणि पायथनचं राउंड, दोन्ही अर्ध्यावर आलं की सम आकड्याकडे झुकतात. १,७५,९९०.५० चे १,७५,९९० होतात. मुनीमजी हातानं १,७५,९९१ लिहितो आणि रोजमेळ जुळत नाही. सी शार्पमध्ये अवेफ्रॉमझीरो स्पष्ट लिहा, पायथनच्या डेसिमलमध्ये क्वांटाइजला राउंड हाफ अप. बिगडेसिमल इथे शहाणं निघतं: अंक कापावे लागत असतील आणि पद्धत सांगितली नसेल तर एक्सेप्शन देतं.

संत्रा_सर्व्हर (वरूड)

मराठी विंडोजवर एक खास जावाची चूक. जावा ९ पासून मराठी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) स्ट्रिंग.फॉरमॅट आकडे देवनागरीत छापतं. पट्टीवर छान दिसतं, पण त्याच फॉरमॅटनं एसक्यूएलची ओळ किंवा फाइलीचं नाव बनवलं तर सगळं फसतं. यंत्रासाठीच्या मजकुराला लोकेल.रूट द्या, माणसासाठीच्या मजकुराला मराठी. उलट दिशेनं: "४५२०" ही स्ट्रिंग जावा आणि पायथन दोघंही पूर्णांक म्हणून वाचतात, सी शार्प वाचत नाही, फॉरमॅटएक्सेप्शन देते. ग्रेडर देवनागरी कीबोर्डवर ओलावा टाइप करणार असेल तर हे आधी ठरवा.

काटा_ओके (हिंगणघाट)

बरंच स्पष्ट झालं. रकाने मांडून पाहिले तर सी शार्प (डॉटनेट ८) आणि कोटलिन उरतात. कोटलिन सील्ड क्लासमुळे वर, सी शार्प भाषेतल्या डेसिमलमुळे आणि सीरियल पोर्टची लायब्ररी मायक्रोसॉफ्टचीच असल्यामुळे. ४ जीबीच्या यंत्रावर कोटलिनची आयडीई रखडते हेही आहे. सी शार्पकडे कल आहे. लाइट गेल्यावर काय, याचं उत्तर भाषेत आहे का?

शून्यसूचक (वर्धा)

अर्धं. पट्टी आणि चुकारा एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (दोन्ही लिहिलं जाईल किंवा काहीच नाही) लिहा आणि ट्रॅन्झॅक्शन, कनेक्शन दोन्ही युझिंगमध्ये (काम संपताच आपोआप बंद करणाऱ्या सोयीत) ठेवा. मध्येच एक्सेप्शन आली तरी ते आपोआप मागे फिरतं. पायथनमध्ये विथ, कोटलिनमध्ये यूज, जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस. बाकी अर्धं एसक्यूलाइटचं: वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) वापरलात तर सिंक्रोनस ही सेटिंग फुल ठेवा. नॉर्मलवर फाइल बिघडत नाही, पण लाइट जाण्याआधीची शेवटची पट्टी नाहीशी होऊ शकते. छापलेली आणि डेटाबेसात नसलेली पट्टी म्हणजे भांडण. म्हणून कमिट (नोंद पक्की करणं) आधी, प्रिंट नंतर.

गठाण_१७० (अकोट)

सीरियल वाचताना: ९६०० बॉड (डेटाचा वेग), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप हे नेहमीचं, पण इंडिकेटरच्या पुस्तिकेत पाहून घ्या. डेटा आल्याची घटना दुसऱ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामात) येते, तिथून थेट पडद्याला हात लावू नका. एका वेळी पूर्ण ओळ येईलच असं नाही, अर्धी "४५" आणि नंतर "२०" अशी येते. ओळीचा शेवट दिसेपर्यंत साठवा, नाहीतर ४५ किलोची गाडी नोंदवली जाईल. टाइप बरोबर, किंमत चुकीची. इंडिकेटर स्थिर वजनाची खूण पाठवत असेल तर ती नसलेली ओळ घेऊच नका.

अर्धविराम (यवतमाळ)

टेस्टमध्ये ही वजनं असू द्या: ०, १, २,८५५, २,८५६, ३,०००, ६०,०००. ओलावा: मोजायचा बाकी, मीटर बंद, ०, ८, ८.०१, १२, १२.०१. आणि रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त.

काटा_ओके (हिंगणघाट)

ताई, शेवटचं कसं अडवायचं? टाइपनं होईल?

अर्धविराम (यवतमाळ)

टाइपनं निम्मं. "निव्वळ वजन" या टाइपचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवा आणि बनवायची एकच वाट द्या, जी भरलेलं आणि रिकामं दोन्ही घेऊन तपासते आणि उलटं असेल तर वस्तू बनवतच नाही. त्यासाठी हा एक टाइप क्लास ठेवा, स्ट्रक्ट नको. सी शार्पमध्ये स्ट्रक्टची शून्य भरलेली प्रत कन्स्ट्रक्टरला न विचारताही तयार होते.